बगळ्याच्या दुकानावरचा चंद्र

मंगळवार, ४

विसरलीस ना? मला ठाऊकच होतं. ताई, तू जन्मभर विसरतच आलीस. मला दिलेले शब्द विसरलीस, माझ्याकडून नेलेली कात्री परत द्यायला विसरलीस. माझ्या लग्नाचा दिवससुद्धा विसरलीस आणि आदल्या दिवशीच नटूनथटून दारात उभी राहिलीस. आता म्हणे मलाच विसरलीस.

काल तुझ्या मुलाचा फोन आला. म्हणाला, "मावशी, आई कुणालाच ओळखत नाही. बोलणंही बंद केलंय. जेवायला बसवलं की तोंड घट्ट मिटून घेते."

मी म्हटलं, "अरे, ती नाटकी आहे. लहानपणापासूनची. तिला सांग, सोंग पुरे आता."

तो म्हणाला, "मावशी, हा आजार आहे. डॉक्टर म्हणतात, जुनं काहीतरी दाखवा, ऐकवा."

जुनं म्हणजे मीच की! माझ्याहून जुनं तुझ्याकडे काय उरलंय? म्हणून ही दैनंदिनी. मी सांगायचं, ह्यांनी लिहायचं, आणि तुझ्या मुलाने तुला वाचून दाखवायचं. तुला अक्षर येत नाही, मला येत नाही, पण आमच्या ह्यांनी अख्खा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्यामुळे अक्षर एवढं मोठं काढतात की माझ्या दोन वाक्यांत पान संपतं. आणि ह्यांच्याबद्दल मी जे बोलते ते लिहितात की गाळतात, ते देवाला माहीत. अहो, लिहिलंत का हे? वाचून दाखवा बघू.

वाचलं. लिहिलंय. बरं.

गुरुवार, ६

आज तुझ्या मुलाने फोन तुझ्या कानाला लावला. मी इकडची तिकडची शंभर बोलणी केली. तू हूं नाही की चूं नाही. शेवटी मी म्हटलं, "ताई, बगळा आठवतो? छत्र्यांवाला?"

तर तू नाकातून हवा सोडलीस. मी ऐकली. हे म्हणतात, तो नुसता श्वास होता. ह्यांना काय कळणार! तुझं ते नाकातलं हसू मी ओळखते. आई रागावली की तू तसंच हसायचीस, आणि मार मला पडायचा.

तेव्हा ऐक. बगळा सांगते.

आई लोकांचे कपडे धुवून इस्त्री करायची आणि संध्याकाळी गाठोडी घरोघर पोचवायला आपण निघायचो. पुढे तू, मागे मी. म्हणून तू मला 'शेपूट' म्हणायचीस. इस्त्रीचा कपडा पोटाशी धरला की काय ऊब लागायची! निघताना आई तुझ्या हातात एक उकडलेला, मीठ लावलेला बटाटा द्यायची, दोघींत एक, आणि मीठ तू वाटेतच चाटून टाकायचीस. कोपऱ्यावर टीव्हीचं दुकान होतं. दुकानदार लोकांना भुलवायला एक टीव्ही रस्त्याकडे तोंड करून ठेवायचा, पण त्याचा आवाज आत, आणि आपण बाहेर. मधे ती जाडजूड काच.

आणि त्या काचेत रोज संध्याकाळी तो बगळा यायचा. लांब मानेचा, चष्मेवाला, छत्र्या दुरुस्त करणारा. त्याच्या दुकानात गल्ल्यावर बसलेला बेडूक. सगळं हाताने काढलेलं, रंगवलेलं. बेडूक उडी मारायचा तेव्हा पोट आधी वर जायचं आणि बेडूक मागून.

आवाज नव्हता तर काय झालं? तू होतीस ना. बगळा तू, बेडूक तू, फाटकी छत्री घेऊन येणारी जाडी हंसीण तू. बगळा चोच उघडायचा आणि तू खर्जात म्हणायचीस, "खाईन तुला, पण आधी ही काडी धर!" मग बारीक आवाजात बेडूक, "धरतो, धरतो. पण वर बघा, तो बघतोय हं."

तो म्हणजे चंद्र. बगळ्याच्या दुकानावर कायम एक चंद्र असायचा, उजव्या कोपऱ्यात. चित्रात दिवस असला तरी असायचा. पाऊस असला तरी. दुकानाच्या आत, छताखालीसुद्धा असायचा! आणि वारा सुटला की हलायचा. तू म्हणायचीस, चंद्र साक्षीला आहे म्हणून बगळा बेडकाला खात नाही. नाहीतर पहिल्याच दिवशी गट्टम केला असता आणि गोष्ट संपली असती.

सुरुवातीला पडद्यावर मोठी अक्षरं यायची. तू ती वाचून दाखवायचीस. एके दिवशी 'बगळ्याचं दुकान'. दुसऱ्या दिवशी तीच अक्षरं, पण 'आज बेडकाचं काही खरं नाही'. मी तुला शहाणी समजायची. रोज नवं वाचते म्हणजे केवढी विद्वान!

आणि बटाटा. तो तू मोडायचीस. मोठा अर्धा तुला, लहान अर्धा शेपटीला. मी भांडले की म्हणायचीस, "मी तीन-तीन तोंडांनी बोलते, मला जास्त लागतं." लहान अर्धा म्हणजे काय, ताई? अर्ध्याला लहानमोठं असतं का? पण तुझ्या राज्यात असायचं.

शनिवार, ८

लेक आली होती. तिला सगळं सांगितलं. ती दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारी. मी म्हटलं, "बघ सापडतो का. नाव माहीत नाही. रोज वेगळं होतं."

ती हसली. चहा निवायच्या आत शोधून दिलं. "हे बघ आई, बगळा, बेडूक, छत्र्या."

मी चष्मा पुसला, पुढे सरकले. बगळा होता. चष्मा होता. बेडकाचं पोट आधी वर गेलं. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? पण मग तिने आवाज मोठा केला, आणि काय सांगू तुला! तो बेडूक त्या बगळ्याला 'काका' म्हणतो! बेडूक बगळ्याचा पुतण्या? आणि वरून कुणीतरी गोड आवाजात शिकवतंय, "मुलांनो, छत्री नेहमी वाळवून मग मिटावी." बगळा चोच उघडतो ती बेडकाला खायला नाही. "धन्यवाद, पुन्हा या" म्हणायला!

तरी तेही मी गिळलं असतं. पण चंद्र नव्हता. पहिल्या भागात नाही, दुसऱ्यात नाही. लेकीने कितीतरी भाग पळवून दाखवले. आकाश कोरं.

मी सांगितलं, "हा तो नाही. ही कुणीतरी केलेली नक्कल आहे. आमचा शोध."

लेक म्हणाली, "आई, जगात छत्र्या शिवणारे बगळे असे किती असतील?"

"तू शोध," मी म्हटलं. ताईला मी नकली माल दाखवणार नाही. तिने एवढीशी चूक धरली तर आयुष्यभर ऐकवेल.

बुधवार, १२

लेक म्हणते, दुसरा बगळा नाही. मी म्हणते, आहे. हे मधे काहीच बोलत नाहीत. लिहिताना तेवढे डोळे वर करून बघतात. चंद्र हलायचा म्हणजे नक्की कसा, असं परवापासून दोनदा विचारलं. मी म्हटलं, "हलायचा म्हणजे हलायचा, तुमची मान हलते तसा." पुन्हा आपले लिहायला लागले.

शुक्रवार, १४

तुझ्या मुलाचा फोन. चार घोट दूध, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर सोमवारी दवाखान्यात नेऊन नाकातून नळी घालावी लागेल. तो रडला, ताई. एवढा टकला बाप्या, फोनवर रडला. मी म्हटलं, "रडतोस काय गाढवा, तुझी आई हट्टी आहे, भूक लागली की खाईल." आणि फोन ठेवला.

आज एवढंच. घसा बसलाय.

(हे तिने सांगितलेलं नाही, मी माझ्या मनाने लिहितो. घसा बसलेला नाही. ती न्हाणीघरात नळ सोडून बसली आहे.)

शनिवार, १५

आज संध्याकाळी हे स्वयंपाकघरातून ओरडले, "अगं, जरा इकडे ये." मला वाटलं दूध उतू गेलं.

हे खिडकीपाशी उभे. बाहेर अंधारायला लागलेलं, खिडकी बंद. म्हणाले, "समोरच्या छपरावर काय दिसतंय?"

मी पाहिलं. समोरच्याच्या छपरावर, पाण्याच्या टाकीच्या वर, आमच्याच स्वयंपाकघराचा दिवा लटकत होता. ह्यांनी मागे हात करून वायर जरा ओढली. दिवा टाकीवर झुलायला लागला.

"दुकानांच्या काचेवर अक्षरं रंगवायचो ना," हे म्हणाले, "तेव्हा पाठीमागचा अख्खा रस्ता काचेत यायचा. अक्षर कुठलं आणि प्रतिबिंब कुठलं, कळेना व्हायचं. शेवटी मागे कुणालातरी चादर धरून उभं करायचो. तुमच्या त्या टीव्हीच्या दुकानासमोर काय होतं गं?"

मी डोळे मिटले. समोर न्हाव्याचं दुकान होतं. दारावर गोल पांढरा दिवा, तारेला टांगलेला. वाऱ्याने हलायचा.

कळलं का, ताई? म्हणजे बगळ्याने त्या चंद्राला कधी पाहिलंच नव्हतं. म्हणजे ज्याने कुणी तो बगळा काढला, त्याच्या डोक्यातसुद्धा तो चंद्र नव्हता. तो फक्त आपल्या काचेत होता. एका न्हाव्याच्या दिव्याला साक्षीदार करून तू रोज बेडकाचा जीव वाचवलास! आणि तुला ते माहीत होतं का गं? तू माझ्याहून उंच होतीस. वळून बघितलं असशील. बघून गप्प बसली असशील. तुझं काही सांगता येत नाही.

"अहो," मी म्हटलं, "एवढं कळत होतं तर आठवडाभर का नाही बोललात?"

म्हणाले, "तू बोलू कधी दिलंस?"

हे वाक्य गाळा. नाही, राहू द्या.

उद्या पहिल्या बसने निघतोय. निघायच्या आधी बटाटा उकडून घेईन.

सोमवार, १७

काल तुझ्याकडे येऊन गेले, हे तुलाच सांगायची वेळ आली. ऐक.

तुझ्या मुलाने दार उघडलं. खोलीत मलमाचा वास. तू पलंगावर उशीला टेकून बसलेली, केस कापून टाकलेले. माझ्या वेणीला हसायचीस ना, 'उंदराचं शेपूट' म्हणून? आता तुझी मेली तेवढीही राहिली नाही. हे मी तुझ्या तोंडावर म्हटलं. तुझी पापणीसुद्धा हलली नाही. पूर्वीची तू असतीस तर उशी फेकून मारली असतीस.

लेकीने बगळ्याचे भाग भरून दिलेला पेनड्राइव्ह तुझ्या मुलाने टीव्हीला जोडला. भिंतीवर तुझा केवढा काळाभोर टीव्ही! बगळा आला, हंसीण आली, आणि तो गोड आवाज सुरू झाला, "मुलांनो..." तू पलीकडच्या भिंतीकडे तोंड फिरवलंस.

"आवाज बंद कर," मी म्हटलं.

"मावशी, मग तिला कळणार कसं?"

"तो आवाज असल्यावर कळत नाही, बाबा. बंद कर."

बंद केला. तरी तू भिंतीकडेच. मग ह्यांनी तुझ्या मुलाच्या टेबलावरचा दिवा उचलला, वर पांढरा कागद गुंडाळला आणि आपल्या पाठीमागे खिडकीच्या पडद्याच्या दांडीला वायरनेच टांगला. खोलीतले बाकीचे दिवे मालवले. एक डोळा मिटून, मागे पुढे सरकत, पाटीवरचं अक्षर सरळ आलं का बघतात तसे बघत राहिले. तुझा मुलगा म्हणाला, "काका, काय करताय?" हे म्हणाले, "थांब रे. थोडा उजवीकडे हवा."

आणि बगळ्याच्या दुकानावर चंद्र आला, ताई. उजव्या कोपऱ्यात. अगदी छताखाली, जिथे असायचा तिथे. ह्यांचा हात लागून जरासा हलत होता.

मी तुझा खांदा धरून तुला हळूच वळवलं. तू पाहिलंस. कितीतरी वेळ नुसती पाहत होतीस. हंसीण छत्री ठेवून गेली. बेडकाने उडी मारली, पोट आधी, बेडूक मागून. बगळ्याने चोच उघडली.

"खाईन तुला," तू म्हणालीस.

खरखरीत आवाज, गंजलेल्या कडीसारखा. पण खर्जातला, बगळ्याचाच. तुझ्या मुलाने तोंडावर हात ठेवला.

"पण आधी ही काडी धर."

मग बारीक आवाजात, "धरतो, धरतो. पण वर बघा, तो बघतोय हं." आणि नाकातून ती हवा. मी ह्यांच्याकडे पाहिलं. नुसता श्वास म्हणे!

मी पुढे सरकले. अगदी टीव्हीच्या काचेजवळ. तर तू मला दटावलंस, "ए बाई, एवढी जवळ नको जाऊ. काचेवर वाफ धरते."

मी मागे येऊन तुझ्या पलंगाच्या कडेला टेकले. तू मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलंस. "कुणाची गं तू?"

ताई, मी उत्तरादाखल काय काय बोलू शकते ते तुला माहीत आहे. माझ्या तोंडाला लागून कुणी जिंकलं नाही. पण काल नुसतं म्हटलं, "कपडे पोचवायला निघालेय."

"अस्सं," तू म्हणालीस. "मग बस घटकाभर. पण ती कडेची जागा सोड. माझी शेपूट यायचीय. बारकी आहे, तिला मागून दिसत नाही."

मी कडेची जागा सोडली. आणखी काय करणार? माझ्याच जागेवरून उठले आणि माझ्याच शेजारी बसले.

मग पिशवीतून फडकं काढलं. बटाटा अजून कोमट होता. तुझ्या हातात ठेवला. तू तो ओळखलास, मला ओळखलं नाहीस, पण बटाटा ओळखलास! अंगठ्याने मोडलास. मी श्वास धरून बघत होते. मोठा तुकडा तू उचललास आणि माझ्या हातावर ठेवलास. "घे. पाहुण्यांना मोठा."

उभ्या जन्मात, ताई, तुझ्या हातचा मोठा तुकडा मला कधी मिळाला नव्हता. काल मिळाला.

उरलेल्याचे तू पुन्हा दोन केलेस. एक तोंडात टाकलास. चावलास, गिळलास. तुझा मुलगा भिंतीला धरून उभा होता. आणि दुसरा, तो अगदी एवढुसा, तू रुमालात बांधून उशीखाली सरकवलास.

मी विचारलं, "तो कुणाला?"

"शेपटीला," तू म्हणालीस. "उशीर करते नेहमी. आल्यावर भांडेल, लहान का दिला म्हणून. भांडू दे."

(परतीच्या बसमध्ये ती सगळा रस्ता खिडकीकडे तोंड करून होती. विचारलं तर म्हणाली, काचेत काय काय दिसतं ते बघतेय. हेही तिने सांगितलेलं नाही.)

गुरुवार, २०

तुझ्या मुलाचा फोन आला. नळी नाही. संध्याकाळी तो कागद गुंडाळलेला दिवा टांगतो, आवाज बंद करतो, तू बगळा होतेस आणि तेवढ्या वेळात वाटीभर तरी पोटात जातं. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, यामागे काय कारण असेल ते बघायला हवं. बघा म्हणावं. कारण न्हाव्याच्या दारावर टांगलंय.

तो म्हणाला, "मावशी, आई बरी होणार नाही, एवढं मनाशी धरून ठेव." मी म्हटलं, "धरलंय रे." म्हणाला, "रोज शेपटीची वाट बघते. तू ये ना पुन्हा." मी म्हटलं, येईन. दर रविवारी येईन. पाहुणी म्हणून येईन, कपडे पोचवणारी म्हणून येईन, कडेची जागा सोडून बसेन. तू विचारशील, "कुणाची गं तू?" मी दर वेळी नवं काहीतरी सांगेन. तू नाही का तीच अक्षरं रोज वेगळी वाचायचीस?

मग त्याने विचारलं, "मावशी, आईच्या उशीखाली बटाट्याचा तुकडा सापडला, वाळून खडा झालाय. टाकून देऊ?"

खबरदार! ताई, त्याला सांग, हात लावू नको म्हणावं. अहो, हे मोठ्या अक्षरात लिहा, पाटीसारखं, म्हणजे त्याला दिसेल. पुढच्या वेळी इकडे कुणी येणार असेल त्याच्याबरोबर तो रुमाल तसाच पाठव. आणि यापुढे माझ्यासाठी मोठा तुकडा ठेवायचा नाही, तो पाहुण्यांचा. मला माझा लहान अर्धाच पाठव, मीठ लावून. मीठ वाटेतच चाटून टाकलंस तरी चालेल.